संधी आणि साद

गेल्या प्रायश्चित्तकाळात वसईतील एका चर्चमध्ये तीन दिवसांचे प्रवचनसत्र झाले. विषय होता 'देव दारे उघडतो'. प्रवचनकार बाहेरगावचे, वाणी ओघवती, आवाज भरदार. बसावयास जागा उरली नव्हती, म्हणून मी मागच्या खांबास टेकून उभा राहिलो. प्रवचनानंतर साक्षी झाल्या. ज्या वाचकांस ही प्रथा परिचित नसेल त्यांच्याकरिता सांगतो की, देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे भक्ताने सर्वांसमक्ष उभे राहून सांगावयाचे, ह्यास आमच्यात साक्ष म्हणतात. एका तरुणाने सांगितले की, माहीमचे नऊ बुधवार केले आणि कॅनडाचा व्हिसा हाती पडला. एका बाईंनी मुलाला जहाजावर नोकरी लागल्याचे सांगितले. तिसरे गृहस्थ उठले. त्यांची वडिलोपार्जित वाडी भावाभावांच्या वादात कित्येक वर्षे अडकून पडली होती. प्रार्थनेने वाद मिटला, बिल्डर आपण होऊन दारी आला आणि मनात धरला होता त्याहून चढा भाव मिळाला. "देवाने संधी दिली, मी ती ओळखली," असे म्हणून ते खाली बसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी टाळ्या वाजविल्या नाहीत. पण उठून बोललोही नाही. त्या मौनाची थोडी भरपाई म्हणून हा लेख आहे. माझा वाद त्या तरुणाशी नाही, त्या मातेशी नाही, आणि त्या गृहस्थांशी तर मुळीच नाही. त्याचे कारण पुढे येईल. परदेशी जाणे हे पाप नव्हे, मुलाला चाकरी लागणे ही आनंदाची गोष्ट आहे, आणि जमीन विकणे हा कायद्याने मान्य केलेला व्यवहार आहे. माझा वाद आहे तो ह्या सर्वांना एकाच माळेत ओवणाऱ्या शिकवणीशी. आपल्या सोयीच्या प्रत्येक व्यवहाराखाली देवाची सही घ्यावयाची, आणि मग त्या व्यवहारास संधी व सही घेण्याच्या क्रियेस श्रद्धा म्हणावयाचे, ही रीत आमच्याकडे झपाट्याने रूढ होत आहे. ती ख्रिस्ती नाही, एवढेच मला सिद्ध करावयाचे आहे.

प्रवचनकारांनी शास्त्राधार घेतला तो मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा. दृष्टान्त प्रसिद्ध आहे. परदेशी निघालेला एक धनी आपल्या तीन चाकरांच्या हाती आपले द्रव्य सोपवितो. एकास पाच तालांत, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा भिऊन आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो व धनी परतल्यावर जसाच्या तसा परत करतो. त्याची निर्भर्त्सना होऊन त्याला बाहेरच्या अंधारात घालविले जाते. ह्यावरून वक्त्यांनी काढलेले तात्पर्य असे की, देवाने दिलेले भांडवल जो वाढवितो तो धन्य, आणि जो ते 'मातीत पडून ठेवतो' तो आळशी. मातीत हा शब्द उच्चारताना त्यांनी किंचित थांबून सभेकडे पाहिले. सभेत निम्मे लोक वाडीवाले होते. अर्थ समजावयास कोणास वेळ लागला नाही.

आता ह्या दृष्टान्तात एक गोष्ट अशी आहे की जी वाचताना सहसा निसटून जाते. तालांत ही चिल्लर नव्हे. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याही हाती एकही सुटी न घेता केलेल्या सोळा वर्षांच्या श्रमाचे मोल होते. एवढी रक्कम, आणि ती त्याची नव्हे! तिघांपैकी कोणाचीही नव्हे. दृष्टान्ताचा सारा भार ह्या एका गोष्टीवर आहे. चाकरांनी व्यापार केला तो धन्याच्या द्रव्यावर आणि धन्याकरिता. हिशेब झाला तो धन्यापुढे. ज्या प्रवचनात धनी गाळला जातो व चाकरालाच मालक केले जाते, त्यात हा दृष्टान्त उरतच नाही, उरते ती पतपेढीची जाहिरात.

पण माझी खरी तक्रार निराळीच आहे. प्रवचनकार तिसाव्या ओवीशी थांबले. एकतिसाव्या ओवीपासून त्याच अध्यायात, मध्ये एक श्वासही न घेता, ख्रिस्त शेवटच्या न्यायाचे वर्णन करतो. ज्यांना दृष्टान्ताचा अर्थ हवा असेल त्यांना तो तेथे मिळतो, कारण हिशेब कसला मागितला जाणार हे तेथे सांगितले आहे. भुकेल्याला अन्न दिले होते काय, तहानेल्याला पाणी दिले होते काय, परक्याला घरात घेतले होते काय, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला व बंदिवानाला भेट. ह्या यादीत भांडवल नाही, व्हिसा नाही, भाव नाही.

आणि ह्याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. उजव्या बाजूस उभे असलेले, म्हणजे ज्यांची स्तुती होते ते लोक, गोंधळून विचारतात की, आम्ही तुला भुकेला वा तहानेला कधी पाहिले? डाव्या बाजूचेही नेमका हाच प्रश्न विचारतात. दोघांपैकी कोणीही संधी ओळखलेली नव्हती! धार्मिकांनी ती ओळखली व अधार्मिकांची ती हुकली, असे तेथे मुळीच म्हटलेले नाही. एकांना समोर तहानेला माणूस दिसला व त्यांनी पाणी दिले. दुसऱ्यांनाही तो दिसला, पण त्यांनी दिले नाही. एवढाच काय तो भेद. ज्यांनी पाणी दिले त्यांना आपण काही साधले अशी कल्पनासुद्धा नव्हती. ख्रिस्ती श्रद्धेने आयुष्यातील संधी ओळखणे म्हणजे काय, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी ह्या गोंधळलेल्या लोकांकडे बोट दाखवीन. ज्याला 'देवाने मला संधी दिली व मी ती ओळखली' असे छातीवर हात ठेवून सांगता येते, त्याने निदान त्या अध्यायाच्या आधारावर तरी ते सांगू नये.

नव्या करारातील मूळ ग्रीक भाषेत काळाकरिता दोन शब्द आहेत. क्रोनॉस म्हणजे घड्याळाने मोजावयाचा काळ. कैरॉस म्हणजे नेमकी घटका, भरलेली वेळ. आपण ज्याला संधी म्हणतो त्याच्या जवळचा शब्द हा दुसरा. लूकच्या शुभवर्तमानात येशू यरुशलेमेकडे पाहून रडतो, तो ह्याकरिता की त्या नगरीने आपली ही घटका ओळखली नाही. कसली घटका? नगरीच्या उत्कर्षाची नव्हे. कोणी तरी तिच्या भेटीस आला होता त्याची. शुभवर्तमानातील संधीला नेहमी असा एक पाहुणा असतो. ती दार उघडून आपणांस बाहेर नेत नाही. बहुधा दार ठोठावून आत येऊ पाहते, आणि तीही अवेळी. मराठीत ह्याला साद हा अधिक चांगला शब्द आहे. संधी साधावयाची असते. सादेला ओ द्यावयाची असते.

ही संधीची शिकवण आली कोठून? आमचे काही ज्येष्ठ ती अलीकडे दूरचित्रवाणीवरून आली असे समजतात. तसे नाही. अमेरिकेत रसेल कॉन्वेल नावाचे एक बाप्टिस्ट धर्मोपदेशक होऊन गेले (१८४३–१९२५). त्यांचे एकच व्याख्यान, 'हिऱ्यांची शेते', त्यांनी सहा हजारांहून अधिक वेळा दिले. श्रीमंत होणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, असा त्याचा रोख. माणसाला न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, व्याख्यानांच्या उत्पन्नातून त्यांनी गरीब विद्यार्थ्यांना मदत केली, आणि फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठ ही त्यांचीच स्थापना. त्या व्याख्यानाच्या आरंभीची गोष्ट मात्र आमच्या वक्त्यांनी वाचली असती तर बरे झाले असते. एक सुखी शेतकरी हिऱ्यांच्या लोभाने आपले शेत विकून देशोदेशी भटकतो, अखेर कंगाल होऊन समुद्रात जीव देतो. आणि त्याने विकलेल्या शेतातल्या ओढ्यात नव्या मालकाला हिऱ्यांची खाण सापडते. म्हणजे श्रीमंतीच्या ह्या आद्य आचार्यानेसुद्धा 'शेत विकू नकोस' असेच सांगून आरंभ केला होता. आमच्याकडे माल अमेरिकेतून आला खरा, पण वाटेत त्याचा एवढा भाग गळून पडला.

असो. परक्या मुलखात जाण्याचे कारण नाही. प्रवचनकारांनी दुसऱ्या दिवशी संत गोन्सालो गार्सियाचे नाव घेतले व 'परदेशी जाऊन नाव काढणारा पहिला वसईकर' असे त्याचे वर्णन केले. मला हसावे की रडावे ते कळेना. त्याची हकीकत अशी आहे. १५५७च्या सुमारास वसईत जन्मलेला हा मुलगा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातील येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला आणि लहान वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा उत्तम आत्मसात केली, सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. त्याची इच्छा एकच होती, संघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. दार बंद झाले. मग तो व्यापारात पडला आणि व्यापारात त्याची भरभराट झाली. येथे क्षणभर थांबून विचार करावा. 'देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरे उघडतो' ह्या आमच्या आवडत्या सिद्धान्ताप्रमाणे देवाची योजना आता स्पष्ट झाली होती. चालता धंदा, भाषेवर प्रभुत्व, लोकांत ओळख. कोणत्याही साक्षीत शोभून दिसावे असे सारे जमून आले होते. गोन्सालोने ते सोडले. मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला, धर्मगुरूपदसुद्धा नाही. १५९३च्या सुमारास फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ताच्या नेतृत्वाखाली वकिलात जपानला पाठविली तेव्हा दुभाषी पाहिजे होता. पूर्वी, ज्या सेवेचे फळ त्याला मिळाले नाही त्या सेवेत, शिकलेली भाषा आता कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर देण्यात आले. त्यांत तो होता. वय चाळिशीच्या आत-बाहेर. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून घोषित केले.

ह्या माणसाने संधी ओळखली असे म्हणावयाचे असेल तर जरूर म्हणा. पण मग त्याने जी सोडली तिला काय म्हणाल? आणि ज्या बंद दारापाशी तो आठ वर्षे काम करीत राहिला, ती वर्षे फुकट गेली असे त्या वेळी कोणत्या हिशेबनिसाने म्हटले नसते?

मराठी वाचकाला परिचित असलेले आणखी एक उदाहरण देतो. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली ती शारदासदनाला उत्पन्न व्हावे, फळबागेवर संस्था स्वावलंबी व्हावी, ह्या सरळ व्यावहारिक हेतूने. हिशेब अगदी चोख होता. तेवढ्यात १८९६–९७चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात मुली व विधवा अन्नान्न करीत रस्त्यावर पडल्या आहेत हे पाहून बाई तेथे गेल्या व शेकडो जणींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या माणसांना ठेवावयाचे कोठे? फळबागेत! तेथेच पुढे मुक्तिसदन उभे राहिले. जमीन तीच, बाईही त्याच. पण उत्पन्नाचे साधन म्हणून घेतलेली जमीन आश्रय म्हणून वापरावी लागली, आणि संस्थेचा हिशेब कोलमडला. रमाबाईंनी 'माझी योजना फसली' असेही म्हटले नाही, 'देवाने मला मोठे होण्याची संधी दिली' असेही म्हटले नाही; मुलींना जेवावयास घातले.

(येथे एक पुस्ती जोडतो. सादेची किंमत नेहमी साद ऐकणाराच देतो असे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला, ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, हे आपण गौरवाने सांगतो. पण लक्ष्मीबाईंनी पुढची पाच वर्षे कशी काढली, हे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना सांगावयास नको. पुरुषांच्या साक्षींत बायकांचा हा खर्च कोठे धरलेला दिसत नाही.)

आता घरची गोष्ट. 'तुम्ही सांगता ते संतांचे आणि पंडितांचे. संसारी माणसाने काय करावे?' असा प्रश्न येणार हे मी जाणतो. त्याचे उत्तर पापडी येथे शंभराहून अधिक वर्षे उभे आहे. आज जी बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून सर्वांना माहीत आहे, तिचा पाया १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्या धर्मगुरूंनी घातला. ते साल आठवावे. महायुद्ध संपत आलेले, महागाई भडकलेली, आणि त्याच वर्षी इन्फ्ल्युएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरेच्या घरे बसविली. वाडीवाल्याचा खर्च बारमाही व उत्पन्न हंगामी. केळ घड धरीपर्यंत वर्ष जाते आणि तोवर खत, मजुरी, रहाटाच्या रेड्याचा पेंड-चारा हे सारे उसनवारीवर. सावकाराला ही गोष्ट बाजारपेठ म्हणून दिसत होती. एका पाद्र्याला ती निराळी दिसली. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ व १९१२ साली झालेला होता, आणि युरोपात ह्या कल्पनेला अर्धे शतक लोटले होते. राइन प्रांतातील खेड्यांत फ्रीडरिख राइफायझेन नावाच्या भाविक नगराध्यक्षाने १८४६–४७च्या दुष्काळात गरिबांना उधारीवर पाव पुरविण्यापासून आरंभ केला. त्यातूनच पुढे १८६४ साली हेडेसडोर्फची पतसंस्था निघाली. तिचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. एकाचे कर्ज सर्वांनी आपले मानावयाचे. ज्या शेजाऱ्याबरोबर रविवारी मिस्सेला एका बाकावर बसावयाचे, त्याच्या कर्जास सोमवारी जामीन राहावयाचे. मला हे शुभवर्तमानाचे फार बरे भाष्य वाटते. तालांत वाढविण्यास मी विरोध करीत आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे लक्षात घ्यावे. पापडीस तालांत वाढला, दामदुपटीहून कितीतरी अधिक वाढला; पण तो वाडीवाल्याची वाडी वाडीवाल्याकडे राहावी म्हणून. त्या मोनीसांचे नाव ह्या तीन दिवसांत एकदाही निघाले नाही.

वाडीचा विषय निघालाच आहे तर आता टाळता येत नाही. चार वर्षांपूर्वी आम्हां तीन भावांची वाडी विकली गेली. खरेदीखतावर माझी सही आहे. विहीर एक, नारळी आठ-दहा, केळी, थोडी पानवेल, आणि पूर्वेच्या अंगास बावखल. बाहेरच्या वाचकांस बावखल म्हणजे काय हे सांगावयास हवे. वसईच्या जुन्या लोकांनी वाड्यांतून खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. पावसाळ्यात सगळ्या शेजाराचे पाणी उतरून त्यांत यावयाचे, तेथे मुरावयाचे, आणि त्या पाझरावर विहिरी उन्हाळाभर गोड राहावयाच्या. दोन बाजूंना खाडी आणि तिसऱ्या बाजूस समुद्र असलेल्या मुलखात गोडे पाणी जमिनीत कोंडून ठेवल्याशिवाय खारे आत शिरते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. आमचे बावखल भरून घेण्यात आले. त्यावर आता इमारतीच्या गाड्या उभ्या असतात.

सहीकरिता माझ्याजवळ तीन कारणे होती व तीनही खरी होती. भावाचे आजारपण, मुलीचे शिक्षण, आणि वाडी करणारे हात घरात उरले नव्हते. मी कोणाला दोष देत नाही. पण ज्या दिवशी सह्या झाल्या त्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर आमच्यापैकी एकाने क्रूसाची खूण करून देवाचे आभार मानले. तो मी होतो. पुढच्याच पावसात शेजारच्या विधवा काकूंच्या ओटीपर्यंत पाणी चढले. त्या मला पाळण्यापासून ओळखतात. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच विचारले की, हे पाणी पूर्वी कोठे जात असे? इंग्रजी साहित्याची पदवी व तीस वर्षांची अध्यापकी जवळ असून मला उत्तर देता आले नाही. त्या तिसऱ्या गृहस्थांशी माझा वाद का नाही, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते जे बोलले ते मी पायरीवर मनात बोललो होतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, व्यवहाराला व्यवहार म्हणावे. गरजेपोटी जमीन विकली तर गरजेपोटी विकली असे म्हणावे. त्यात लाज नाही. देवापुढे ती गोष्ट ठेवावयाची तर आभार म्हणून ठेवण्याआधी कबुली म्हणून ठेवून पाहावी. ज्या क्षणी आपण तिला देवाची योजना म्हणतो त्या क्षणी काकूंचा प्रश्न विचारण्याजोगा राहत नाही. कारण मग त्यांच्या ओटीवरचे पाणीसुद्धा त्याच योजनेत बसवावे लागते. श्रद्धेचा असा उपयोग करणे म्हणजे शेजाऱ्याचे तोंड बंद करण्यास देवाला कामास लावणे होय.

ह्याच वसईत, ह्याच पाण्यावरून, हा प्रश्न एकदा मोठ्याने विचारला गेला होता. १९८०नंतरच्या दशकात नव्या वस्त्यांकरिता गावोगावच्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून जाऊ लागले व शेतजमिनी इमारतींसाठी मोकळ्या होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी ह्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान तीत एकत्र आले. लेखक म्हणून त्यांना पुढे मान मिळाला. 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. २०२४ साली ते गेले तेव्हा आम्ही सर्वांनी गौरवपर लेख लिहिले. परंतु एका मासिकाच्या संपादकाला, ग्रंथांत रमणाऱ्या धर्मगुरूला, टँकरपुढे उभे राहण्यात कोणती संधी दिसली असेल? भाषा-साहित्याच्या दृष्टीने तो निव्वळ वेळेचा अपव्यय होता. त्यांना तहानेली माणसे दिसली, आणि कोरड्या पडत चाललेल्या विहिरी.

आता दुसऱ्या बाजूचे दोन शब्द, कारण ह्या लेखाने आमचे काही ज्येष्ठ खूष होतील आणि मला ते नको आहे. 'आमच्या वेळी असे नव्हते' म्हणत ओसरीवर बसून राहणारे, 'देवाच्या मनात असेल तर होईल' ह्या वाक्याखाली स्वतःची अनिच्छा झाकणारे, मुलीने शिकतो म्हटले की 'पुरे आता' म्हणणारे, हे तालांत पुरणारेच होत. त्यांच्याविषयी तो अध्याय अधिकच कठोर आहे. कॅनडाला निघालेल्या मुलात निदान काही उमेद तरी आहे. तो गेल्याने धर्मग्राम ओस पडतो म्हणून हळहळणाऱ्यांनी, तो येथे असताना त्याला कोणते काम दिले होते, ते सांगावे.

आणि गरिबी हे काही पावित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. उत्कर्ष वाईट असे मी म्हणत नाही, म्हटलेले नाही. माझी कसोटी साधी आहे, आणि ती माझ्याच सहीवर लावून मी नापास झालो आहे. ज्याला तुम्ही संधी म्हणता तीत तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाचे नाव आहे काय? असल्यास ते घेणाऱ्याचे आहे की सोसणाऱ्याचे? आमच्या वाडीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या मागे बांधकाम-मजुरांची झोपडी-वस्ती आहे. त्यांच्या मुलांकरिता संध्याकाळचा वर्ग चालतो. इंग्रजी शिकविण्यास कोणी नाही म्हणून तेथील तरुण धर्मगुरूंनी दोन वर्षांपूर्वी मला विचारले, आणि मी 'पाहू' म्हणालो. ती मुले परकी आहेत, घर सोडून आली आहेत. एकतिसाव्या ओवीनंतरची यादी येथे पुन्हा उतरून काढण्याची आवश्यकता नाही. पाहू म्हणणाऱ्या मला त्या दिवशी कोणतीही संधी दिसली नव्हती. दिसली होती ती आठवड्यातील दोन संध्याकाळची गैरसोय.

पुढील प्रायश्चित्तकाळात असे सत्र पुन्हा होणार, हे निश्चित आहे. तारखासुद्धा ठरल्या आहेत असे ऐकतो. संयोजकांना माझी एक विनंती आहे. साक्षी जरूर ठेवाव्यात. पण ज्यांना काही मिळाले त्यांच्याबरोबर, ज्यांनी काही सोडले असे दोघे-तिघे शोधून आणावेत. मिळतील, वसईत अजून मिळतील. प्रत्येक गावात एक तरी बावखल असे आहे की जे चढ्या भावाला नकार देऊन कोणीतरी राखले आहे, आणि त्या माणसाला व्यासपीठावर चढण्याची सवय नसल्याने त्याला हात धरून आणावे लागेल. तो काय बोलेल ह्याची मला कल्पना नाही. बहुधा दोन वाक्ये बोलून खाली बसेल आणि टाळ्या पडणार नाहीत. त्याच्यानंतर वेळ उरल्यास मलाही बोलवावे. माझ्याजवळ एका सहीची गोष्ट आहे. दहा मिनिटे पुरतील.